पीसीसी जाणार, महापौर येणार. पोलिसांना जाब विचारणार कोण?

प्रश्न थोडक्यात असा आहे. तीन वर्षांपूर्वी नाशिकहून उत्तर इंग्लंडमधल्या एका शहरात आलेलं कुटुंब. त्यांच्या रस्त्यावर महिन्याभरात तीन गाड्यांच्या काचा फोडून चोऱ्या झाल्या. पोलिसांच्या तातडीच्या नसलेल्या कामांसाठीच्या 101 नंबरला फोन केला, ऑनलाइन तक्रार भरली, क्राइम नंबर मिळाला आणि दोन दिवसांत ‘तपास बंद करत आहोत’ अशी ईमेल आली. शेजारी म्हणाला, पीसीसीकडे, म्हणजे पोलिसांवर देखरेख ठेवणाऱ्या निवडून आलेल्या पोलीस अँड क्राइम कमिशनरकडे जा. शोधलं तर कळलं की पीसीसी हे पदच 2028 मध्ये रद्द होणार आणि ते काम महापौरांकडे जाणार. तुम्ही विचारलंत: हे बरं की वाईट? पोलिसांची देखरेख निवडून आलेल्या राजकारण्याकडे द्यावी का? आणि आपल्याकडे महाराष्ट्रात असं व्हायला हवं का?

आधी मी कोण ते सांगते, म्हणजे माझं बोलणं कितपत धरायचं ते तुम्हाला ठरवता येईल. मी मूळची साताऱ्याची, इकडे चोवीस वर्षं झाली. नोकरी हाउसिंगमध्ये. पोलिसांशी संबंध आला तो हौसेने: आधी पाच वर्षं कस्टडी व्हिजिटर, म्हणजे पोलीस कोठडीला अचानक भेट देणारी स्वयंसेवक, आणि त्यानंतर आठ वर्षं आमच्या भागाच्या पोलीस अँड क्राइम पॅनेलवर स्वतंत्र सदस्य. हे पॅनेल पीसीसीला प्रश्न विचारतं. त्यात बहुतेक नगरसेवक, आणि माझ्यासारखे पक्षाबाहेरचे किमान दोघं. पोलिसांवर लक्ष ठेवणाऱ्यावर लक्ष ठेवणारे, अशी ती उतरंड.

शब्दांचा घोळ आधी मिटवू, कारण आपल्या लोकांची निम्मी गडबड तिथेच होते. पोलीस अँड क्राइम कमिशनर ऐकून डोळ्यांसमोर पुण्या-मुंबईचे पोलीस आयुक्त आणू नका. पीसीसी पोलीस नसतो, तो मतदारांनी निवडलेला माणूस. चीफ कॉन्स्टेबल हा शब्द आपल्या कानाला हवालदारासारखा लागतो, पण तोच त्या दलाचा प्रमुख. लंडनमध्ये मात्र पोलीस प्रमुखालाच कमिशनर म्हणतात. आणि मेयर दोन प्रकारचे: गळ्यात साखळी घालून शाळांच्या कार्यक्रमांना जाणारे लॉर्ड मेयर वेगळे, आणि मँचेस्टरसारख्या आसपासच्या दहा पालिकांच्या प्रदेशाचा थेट निवडलेला, बस-घरं-कौशल्य प्रशिक्षण सांभाळणारा मेयर वेगळा. आपण बोलतोय ते या दुसऱ्याबद्दल.

तुमच्या मनातली भीती मला कळते: राजकारणी फोन उचलणार आणि कोणाला धरायचं, कोणाला सोडायचं ते सांगणार. इथल्या रचनेत ते अधिकार ना पीसीसीला आहेत, ना महापौराला. कोणाला अटक करायची, कुठला तपास चालू ठेवायचा, कुठल्या चौकात किती माणसं उभी करायची, हे चीफ कॉन्स्टेबल ठरवतो. निवडून आलेल्या माणसाच्या हातात चार गोष्टी असतात: अंदाजपत्रक, काही वर्षांचा प्राधान्यक्रम, चीफ कॉन्स्टेबलची नेमणूक आणि त्याला घरी पाठवण्याची प्रक्रिया, आणि गुन्ह्याला बळी पडलेल्यांसाठीच्या सेवा. शिवाय कौन्सिल टॅक्समधला, म्हणजे घरामागे भरायच्या स्थानिक करातला, पोलिसांचा हिस्सा तोच ठरवतो. तुमच्या बिलावर त्याची वेगळी ओळ असते, एकदा काढून बघा.

ही रेष इंग्लंडने सुखासुखी आखलेली नाही. 1835 च्या कायद्यानंतर इथल्या शहरांत पोलीस नगरपालिकेच्या ‘वॉच कमिटी’च्या हाताखाली होते. नगरसेवकच नेमणूक करायचे, तेच काढायचे. हे सव्वाशे वर्षं चाललं. 1959 मध्ये नॉटिंगहॅमचे चीफ कॉन्स्टेबल अ‍ॅथेल्स्टन पॉपकेस यांनी काही नगरसेवकांविरुद्धच्या भ्रष्टाचाराच्या आरोपांची चौकशी सुरू केली. कमिटीने तिचा अहवाल मागितला, त्यांनी दिला नाही, आणि कमिटीने त्यांना निलंबित केलं. ज्यांची चौकशी व्हायची, त्यांचेच सहकारी निलंबनाच्या कागदावर सही करणार! गृहमंत्री रॅब बटलर यांना मध्ये पडून पॉपकेस यांना परत कामावर घ्यायला लावावं लागलं. त्यानंतर रॉयल कमिशन बसलं आणि 1964 च्या पोलीस कायद्याने वॉच कमिट्या गेल्या. पॅनेलवर नव्याने येणाऱ्या प्रत्येक नगरसेवकाला मी ही गोष्ट चहाच्या सुट्टीत सांगायचे. काहींना आवडायची नाही.

पुढे पोलीस ऑथॉरिटी नावाच्या समित्या आल्या. साधारण सतरा जण: नऊ नगरसेवक, आठ स्वतंत्र. काम बरं करायच्या, पण त्यांचं नाव रस्त्यावर कोणाला माहीत नसायचं. म्हणून 2011 च्या कायद्याने थेट निवडलेला पीसीसी आणला गेला. पहिली निवडणूक 15 नोव्हेंबर 2012 ला, ऐन थंडीत. मतदान 15 टक्के. वेल्समधल्या न्यूपोर्टच्या एका मतदान केंद्रावर दिवसभरात एकही मत पडलं नाही. पुढे स्थानिक निवडणुकांच्या दिवशीच ही निवडणूक घेऊन आकडा थोडा वर आला, पण ओळख काही झाली नाही. माझ्याच गल्लीत, मी त्यांना दर दोन महिन्यांनी प्रश्न विचारत असताना, पीसीसींचं नाव सांगू शकणारं माणूस मला एकच भेटलं. ते त्यांचे मेव्हणे होते.

नोव्हेंबर 2025 मध्ये सरकारने जाहीर केलं की मे 2028 मध्ये मुदत संपली की पीसीसी हे पद बंद. जिथे महापौर आहेत तिथे काम त्यांच्याकडे, जिथे नाहीत तिथे पालिकांच्या नेत्यांच्या मंडळाकडे. हे काही आभाळातून पडलेलं नाही. लंडनमध्ये जानेवारी 2012 पासून महापौरच हे बघतात. ग्रेटर मँचेस्टरमध्ये मे 2017 पासून, वेस्ट यॉर्कशरमध्ये 2021 पासून, साउथ यॉर्कशर आणि यॉर्क-नॉर्थ यॉर्कशरमध्ये 2024 पासून. म्हणजे अंदाज बांधत बसायची गरज नाही, दाखले समोर आहेत.

मँचेस्टरचा दाखला मला सगळ्यात बोलका वाटतो, कारण तो दोन्ही बाजूंनी बोलतो. डिसेंबर 2020 मध्ये पोलीस निरीक्षण संस्थेने, म्हणजे दलांची तपासणी करणाऱ्या केंद्रीय इन्स्पेक्टोरेटने, सांगितलं की ग्रेटर मँचेस्टर पोलिसांनी वर्षभरात सुमारे 80 हजार गुन्हे नोंदवलेच नाहीत. पाचातला एक. लोकांनी सांगितलं, पोलिसांनी ऐकलं, आणि वहीत काहीच गेलं नाही. दल ‘विशेष देखरेखी’खाली गेलं, चीफ कॉन्स्टेबल पायउतार झाले. आता बघा, हे सापडलं कोणाला? साडेतीन वर्षं देखरेख करणाऱ्या महापौरांच्या कार्यालयाला नाही, बाहेरून आलेल्या तपासनिसांना. आणि पाच महिन्यांनी, मे 2021 मध्ये, महापौर अँडी बर्नहॅम 67 टक्के मतं घेऊन पुन्हा निवडून आले. लोकांनी चूक केली असं मी म्हणत नाही. लोकांनी बस, घरं, कोविडमध्ये लंडनशी घेतलेला पंगा असं सगळं मिळून मत दिलं. पोलीस हा पन्नासातला एक विषय. पीसीसी असताना निदान मत फक्त त्याच कामावर पडायचं, मग देणारे थोडे का असेनात.

दुसरी बाजूही तितकीच खरी. त्याच महापौरांनी मे 2021 मध्ये नवा प्रमुख आणला आणि ऑक्टोबर 2022 मध्ये दल विशेष देखरेखीतून बाहेर आलं. वजन असलेला माणूस मागे उभा राहिला की कामं हलतात. पीसीसीने पत्र लिहिलं तर स्थानिक पेपरात पाचव्या पानावर यायचं, महापौर बोलला की संध्याकाळच्या बातम्यांत. फेब्रुवारी 2022 मध्ये लंडनच्या पोलीस प्रमुख क्रेसिडा डिक यांचंच उदाहरण घ्या. त्यांना काढायचा औपचारिक अधिकार एकट्या महापौरांना नव्हता, त्याला गृहमंत्र्यांची मंजुरी लागते. तरी महापौर सादिक खान यांनी आपला विश्वास उरलेला नाही असं कळवल्यावर त्यांनी राजीनामा दिला. कागदावरच्या अधिकारापेक्षा मतांचं वजन जास्त भरलं. हे चांगलं की धोक्याचं? प्रमुख खरंच कमी पडत असेल तर चांगलं. निवडणुकीच्या आधी बळीचा बकरा हवा असेल तर धोक्याचं. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं, पंचाईत तीच आहे.

इथवरचं एका दमात सांगायचं तर माझा कौल महापौरांच्या बाजूने आहे, पण अर्ध्या मनाने. त्यांच्या हातात घरं आहेत, बस आहेत, तरुणांच्या प्रशिक्षणाचे पैसे आहेत. गुन्ह्यांचा उगम बराचसा तिथेच असतो. हाउसिंगमध्ये काम केलेल्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही: तीन महिने बंद पडलेला जिन्यातला दिवा दुरुस्त करणं हे कधीकधी गस्तीच्या गाडीपेक्षा जास्त उपयोगी पडतं. प्रश्न आहे तो अर्ध्या मनाचा.

महापौर बहुतेक ठिकाणी स्वतः हे काम करत नाही. त्याला वेळच नसतो. तो एक उपमहापौर नेमतो, पोलीस आणि गुन्हे हे खातं त्याच्याकडे, आणि दर आठवड्याला चीफ कॉन्स्टेबलसमोर बसणारा माणूस तोच. त्याला कोणी निवडून दिलेलं नसतं. पॅनेल त्याची जाहीर मुलाखत घेतं, मत नोंदवतं, संपलं. माणसं चांगली नसतात असं नाही. पण महापौर असलेल्या एका भागातल्या पॅनेलवरच्या माझ्या मैत्रिणीचं म्हणणं असं की महापौर वर्षातून एकदा अंदाजपत्रकाच्या बैठकीला यायचे, एरवी उत्तरं उपमहापौरांची, आणि अडचणीचा प्रश्न आला की ‘हा निर्णय महापौरांचा, त्यांना विचारून सांगते’. थेट निवडणुकीचा गाजावाजा, आणि खुर्चीत नेमलेला माणूस!

दुसरी गोष्ट मला जास्त टोचते, ती म्हणजे मधल्या काळात काढून टाकण्याची सोय. ऑगस्ट 2014 मध्ये साउथ यॉर्कशरमधल्या रॉदरहॅम शहराबद्दलचा अहवाल आला. सोळा वर्षांत किमान 1,400 मुलांचं लैंगिक शोषण झालं आणि पालिका व पोलीस दोघांनी डोळेझाक केली, असं त्यात होतं. तेव्हाचे साउथ यॉर्कशरचे पीसीसी शॉन राइट हे आधी काही वर्षं त्याच पालिकेत बालसेवा खात्याचे प्रमुख नगरसेवक होते. गृहमंत्र्यांनी सांगितलं जा, त्यांच्या स्वतःच्या पक्षाने सांगितलं जा. ते तीन आठवडे बसून राहिले. कोणी काही करू शकलं नाही, कारण कायद्यात तशी सोयच नव्हती. दोन वर्षांपेक्षा जास्त शिक्षेच्या गुन्ह्याचा आरोप ठेवला गेला तरच पॅनेल पीसीसीला निलंबित करू शकतं. शेवटी त्यांनी आपण होऊन पद सोडलं. ही सोय महापौरांच्या बाबतीतही नाही. पाटी बदलली, भोक तेच. माझ्या हातात असतं तर महापौरांकडे पोलीस देण्याआधी हे बुजवलं असतं.

आमच्या पॅनेलचे दातही दुधाचेच. टॅक्सचा हिस्सा आणि चीफ कॉन्स्टेबलची नेमणूक या दोनच गोष्टी आम्ही अडवू शकायचो, त्याही दोन तृतीयांश मतांनी. आठ वर्षांत एकदाही अडवलं नाही. एकदा अडवण्याची भाषा केली, तेवढ्यावर वाढ कमी झाली.

आता कोठडीतली गोष्ट, कारण देखरेख म्हणजे काय हे मी तिथे शिकले. कस्टडी व्हिजिटर ही पद्धत 1981 च्या लंडनमधल्या ब्रिक्स्टनच्या दंगलींनंतर लॉर्ड स्कार्मन यांच्या अहवालातून पुढे आली. आम्ही दोघं-दोघं जायचो, न सांगता, कधी दुपारी, कधी रात्री अकराला. आत असलेल्या माणसाला विचारायचं: जेवण मिळालं का, पांघरूण आहे का, डॉक्टर बोलावला का, हक्क सांगितले का. गुन्हा काय ते विचारायचं नाही. एका कोठडीत लागोपाठ तीन भेटींत दिसलं की आतल्या बायकांना पॅड मिळतात हे कोणी आपण होऊन सांगत नाही. त्यांनी पुरुष शिपायाकडे मागायचे, किंवा गप्प बसायचं. आम्ही तिन्ही वेळा फॉर्मवर लिहिलं. सार्जंट दर वेळी ‘बघतो’ म्हणाला.

ते बदललं कसं? पीसीसींच्या भाषणाने नाही. त्यांच्या कार्यालयात एक बाई होत्या, पद फार मोठं नव्हतं, आमचे फॉर्म त्याच वाचायच्या. त्यांनी तीन फॉर्म शेजारी शेजारी ठेवले, दर पंधरवड्याच्या बैठकीत पोलिसांच्या इन्स्पेक्टरला तोच प्रश्न विचारला, चौथ्या बैठकीत इन्स्पेक्टर कंटाळला, आणि पुढच्या महिन्यापासून आत येणाऱ्या प्रत्येक बाईला पहिल्या अर्ध्या तासात विचारायचं असा नियम झाला. पोलिसांवरचा वचक बहुतेक वेळा असाच असतो: न कंटाळणारा मधल्या फळीतला माणूस, हातात कागद, आणि मागे कोणीतरी वरचा ज्याचं नाव घेता येतं.

म्हणून मला विचाराल तर महापौर की पीसीसी हे ठरवताना मी एकच गोष्ट बघेन: त्या बाई कुठे जाणार? सरकार म्हणतं की या बदलाने वर्षाला दोन कोटी पौंडांच्या आसपास वाचतील आणि ते पोलिसांच्या भरतीला जातील. वाचणारे पैसे निवडणुकीच्या खर्चातले आणि दोनदोन प्रेस ऑफिसरांमधले असतील तर खुशाल वाचवा. पण महापौरांच्या मोठ्या कार्यालयात विलीन होताना अशा लोकांवर वाहतूक आणि पर्यटनाच्याही फायली आल्या, तर तीन फॉर्म शेजारी ठेवायला कोणी उरणार नाही.

भागाभागाने उत्तर बदलतं हेही सांगायला हवं. मँचेस्टरमध्ये महापौरांची हद्द आणि पोलीस दलाची हद्द एकच, त्यामुळे काम सोपं झालं. लिव्हरपूलच्या महापौरांच्या हद्दीत हॉल्टन येतं, पण हॉल्टनचे पोलीस चेशरचे. टीज व्हॅलीत हार्टलपूल क्लीव्हलंड पोलिसांकडे आणि डार्लिंग्टन डरहॅम पोलिसांकडे. तिथे कोण कोणाला विचारणार हे आधी नीट लिहून काढावं लागेल. वेस्ट मिडलंड्समध्ये तर घाई नडली: पीसीसी कोर्टात गेले आणि मार्च 2024 मध्ये हायकोर्टाने हस्तांतराचा निर्णय बेकायदा ठरवला, कारण लोकांना पुरेशी माहिती देऊन त्यांचं मत घेतलं नव्हतं. वेल्समध्ये असे महापौरच नाहीत. आणि जिथे नगरसेवकांचं मंडळ बसणार आहे, तिथे पाहिलं तर 2012 च्या आधीची पोलीस ऑथॉरिटीच मागच्या दाराने परत येते आहे. मला त्याचं वाईट वाटत नाही, पण मधली सोळा वर्षं कशासाठी खर्ची घातली ते कोणीतरी सांगावं.

महाराष्ट्राबद्दल. इथली रचना उचलून तिकडे ठेवता येणार नाही. आपला महापौर नगरसेवकांमधून अडीच वर्षांसाठी निवडला जातो, कारभार महापालिका आयुक्त चालवतात, आणि पोलीस हा राज्यघटनेने राज्याकडे दिलेला विषय. 74 व्या घटनादुरुस्तीने पालिकांसाठी जी अठरा कामांची यादी दिली तिच्यात पोलीस नाहीत. गंमत म्हणजे एके काळी मुंबईच्या पोलिसांच्या खर्चाचा बोजा महापालिकेवर होता, आणि पैसे आमचे पण हुकूम सरकारचा, ही तिथल्या नगरसेवकांची जुनी तक्रार होती. 1907 च्या कायद्याने सरकारने तो खर्च आपल्याकडे घेतला आणि बदल्यात प्राथमिक शिक्षणाचा भार पालिकेवर गेला. ज्याला स्वतःच्या रस्त्यावरचा खड्डाही आयुक्तांच्या सहीशिवाय बुजवता येत नाही, त्या महापौराकडे आज पोलीस देऊन काही साधणार नाही. त्यापेक्षा सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये प्रकाश सिंह खटल्यात जी पोलीस तक्रार प्राधिकरणं सांगितली, ती जिल्ह्याजिल्ह्यात खरोखर चालवणं, आणि कोठडीत न सांगता जाणारे साधे नागरिक तयार करणं, यात मला जास्त अर्थ दिसतो. कोठडीत जायला निवडणूक लागत नाही.

आता तुमच्या गाड्या. ‘तपास बंद’ची ईमेल आली म्हणून गप्प बसू नका. शेजारपाजाऱ्यांचे तिन्ही क्राइम नंबर एकत्र करा आणि तुमच्या भागाच्या पोलिसांच्या नेबरहुड टीमला एकच ईमेल लिहा. सुट्या तीन चोऱ्या कोणी बघत नाही, एका रस्त्यावरच्या तीन चोऱ्या बघाव्या लागतात. वागणुकीबद्दल किंवा तपास केलाच नाही याबद्दल तक्रार असेल तर ती आधी पोलीस दलाच्याच तक्रार विभागाकडे. त्यांच्या उत्तराने समाधान झालं नाही तर 28 दिवसांच्या आत फेरतपासणी मागता येते. ती कोणाकडे मागायची हे त्या उत्तराच्या पत्रातच लिहिलेलं असतं: साध्या तक्रारींसाठी पीसीसी किंवा महापौरांचं कार्यालय, गंभीर असेल तर आयओपीसी, म्हणजे पोलिसांविरुद्धच्या तक्रारी बघणारी स्वतंत्र संस्था. 28 दिवस कॅलेंडरवर खूण करून ठेवा, ते फार पटकन जातात.

आणि हो, तुम्हाला मत आहे. भारतीय पासपोर्ट असला तरी राष्ट्रकुलातले नागरिक म्हणून, वैध व्हिसावर इथे राहत असाल तर, मतदार यादीत नाव घालता येतं. आपल्यातल्या बऱ्याच जणांना हे माहीतच नसतं. महापौरपदाचे उमेदवार दारात आले की बसबद्दल जरूर विचारा, पण पोलीस खात्याचा उपमहापौर कोण नेमणार तेही विचारा. मी विचारलं होतं. तरुण उमेदवार होता, त्याने डायरीत लिहून घेतलं आणि पुन्हा काही कळवलं नाही.

कस्टडी व्हिजिटरच्या जागा दरवर्षी निघतात. पडताळणीसाठी बहुतेक ठिकाणी तीन वर्षांचं वास्तव्य मागतात, ते तुमचं आता झालं आहे. हिंदी-मराठी येणारी माणसं त्यांना हवीच असतात. आत जाताना फोन लॉकरमध्ये ठेवावा लागतो, तेव्हा पहिल्या रात्री घरी सांगून निघा.